दोराच्या झोक्याने चर ओलांडण्याचे गणित: उत्तर जुळत नसेल तर चूक कोठे शोधावी

दोर धरून एका काठावरून झोका घ्यायचा, मधला चर ओलांडायचा आणि योग्य क्षणी दोर सोडून पलीकडच्या काठावर उतरायचे, हा यामिकीच्या अभ्यासात वारंवार दिला जाणारा प्रश्न आहे. त्यासाठी लागणारे सगळे नियम शालेय भौतिकशास्त्रात येऊन गेलेले असतात. तरीही हा प्रश्न हाती घेणाऱ्यांची तक्रार दरवेळी जवळपास एकच असते. कागदावर आलेले अंतर प्रतिकृतीत मोजलेल्या अंतराशी जुळत नाही, किंवा दोघांनी स्वतंत्रपणे केलेल्या हिशेबांत मीटर-दीड मीटरचा फरक पडतो, आणि मग सूत्रे पुन्हा पुन्हा तपासूनही चूक सापडत नाही.

अशा कितीतरी वह्या तपासल्यानंतर माझे मत असे झाले आहे की चूक सूत्रांत क्वचितच असते. या एका हालचालीत तीन वेगळे टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्याला वेगळा नियम लागू होतो. पाय काठावरून सुटल्यापासून दोर ताठ होईपर्यंत पहिला टप्पा, दोर ताठ असताना वर्तुळाच्या कंसावरून जाण्याचा दुसरा आणि दोर सोडल्यानंतरच्या झेपेचा तिसरा. उत्तर बिघडते ते बहुधा या टप्प्यांच्या सांध्यावर, कारण एका टप्प्याचा नियम नकळत दुसऱ्यात ओढला जातो. म्हणून शोध सूत्रापासून सुरू न करता लक्षणापासून करावा. उत्तर किती चुकले आहे आणि कोणत्या बाजूला चुकले आहे, एवढ्यावरून बिघडलेला टप्पा बहुतेक वेळा ओळखता येतो.

तुलनेसाठी एकच उदाहरण

पुढचे सर्व आकडे एकाच झोक्याचे आहेत, म्हणजे प्रत्येकाला आपली मांडणी त्यावर पडताळून पाहता येईल. टांगणीच्या बिंदूपासून माणसाच्या गुरुत्वमध्यापर्यंतचे अंतर ५ मीटर, माणसाचे वस्तुमान ६० किलोग्रॅम, सुरुवातीला दोराने ओळंब्याशी केलेला कोन ६० अंश आणि गुरुत्व त्वरण ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग. पलीकडचा काठ अशा उंचीवर आहे की त्यावर उभे राहिल्यावर गुरुत्वमध्य झोक्याच्या सर्वांत खालच्या बिंदूच्या पातळीत येतो. सर्व आडवी अंतरे टांगणीतून सोडलेल्या ओळंब्यापासून मोजली आहेत.

दोर ताठ असताना ताण नेहमी वेगाला लंब असतो, त्यामुळे तो काही कार्य करत नाही आणि ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम सरळ लावता येतो. वेगाचा वर्ग = २ × गुरुत्व त्वरण × लांबी × (सुटकेच्या कोनाचा कोसाइन − सुरुवातीच्या कोनाचा कोसाइन). आपल्या उदाहरणात अगदी खाली वेग ७ मीटर प्रति सेकंद येतो. ३७.५ अंशांवर दोर सोडला तर त्या क्षणी वेग ५.३६ मीटर प्रति सेकंद, त्याचा आडवा घटक ४.२५ आणि उभा घटक ३.२६ असतो. उतरण्याच्या पातळीपासूनची उंची १.०३ मीटर, झेपेचा काळ ०.९० सेकंद आणि उतरण्याचे ठिकाण ओळंब्यापासून ६.८७ मीटरवर येते.

आता पुढे जाण्यापूर्वी एक पडताळा करून घ्यावा, कारण निम्म्या चुका त्यातच उघड्या पडतात. हवेचा विरोध धरलेला नसेल, तर उतरतानाचा वेग कोठे दोर सोडला यावर अवलंबून नसतो. तो फक्त सुरुवातीची पातळी आणि उतरण्याची पातळी यांतील फरकावर ठरतो. येथे तो फरक २.५ मीटर आहे, म्हणून उतरतानाचा एकूण वेग प्रत्येक सुटकेच्या कोनासाठी ७.०० मीटर प्रति सेकंदच आला पाहिजे. स्प्रेडशीटमध्ये त्यासाठी एक वेगळा रकाना ठेवावा. त्यात सगळ्या ओळींमध्ये ७.०० दिसत असेल, तर ऊर्जेचा हिशेब आणि झेपेची सुरुवातीची उंची या दोन्ही गोष्टी बरोबर आहेत. आकडा ७.०० पेक्षा वेगळा असेल किंवा ओळीगणिक बदलत असेल, तर उंची चुकीच्या पातळीपासून मोजली गेली आहे किंवा कोन चुकीच्या रेषेपासून धरला आहे, आणि ते दुरुस्त होईपर्यंत बाकीचे काहीही पाहण्यात अर्थ नाही.

लक्षण: वेग जवळपास दुप्पट येतो

तळाशी ७ ऐवजी १३.८ मीटर प्रति सेकंद वेग आला, तर कारण एकच आहे. संगणकाने ६० हा आकडा अंश न मानता रेडियन मानला आहे. ६० रेडियनचा कोसाइन उणे ०.९५ असतो, त्यामुळे माणूस जणू टांगणीच्याही वरून सुटला असा हिशेब होतो. कोन रेडियनमध्ये बदलून घेतला की प्रश्न मिटतो.

लक्षण: ७.०० चा पडताळा जुळतो, पण अंतर चुकते

ही चूक शोधायला सर्वांत चिवट असते, कारण ऊर्जेच्या दृष्टीने सगळे ठीक दिसते. उत्तर ६.८७ ऐवजी ३.८३ मीटर येत असेल, तर झेपेतले आडवे अंतर काढले आहे, मात्र दोर सोडतानाच माणूस ओळंब्याच्या ३.०४ मीटर पुढे पोहोचला होता हे अंतर मिळवायचे राहिले आहे. उलट ११.२० मीटर आले असेल, तर अंतर अलीकडच्या काठापासून मोजले आहे. सुरुवातीची जागा ओळंब्याच्या ४.३३ मीटर मागे असते आणि चराची रुंदी मोजताना हाच आकडा खरा कामाचा असतो, परंतु दोन पद्धती एकाच तक्त्यात मिसळू नयेत.

६.५२ मीटर आले असेल, तर वेगाच्या आडव्या आणि उभ्या घटकांची अदलाबदल झाली आहे. वेगाची दिशा वर्तुळाच्या स्पर्शिकेवर, म्हणजे दोराला लंब असते. म्हणून दोर ओळंब्याशी जितका कोन करतो, तितकाच कोन वेग क्षितिजाशी करतो. आकृती घाईत काढली की हा कोन नेमका दुसऱ्या बाजूला लिहिला जातो, आणि फरक फक्त ३५ सेंटीमीटरचा असल्यामुळे तो हवेच्या विरोधाच्या नावावर खपून जातो. यावर खात्रीचा उपाय असा की सुटकेचा कोन शून्य ठेवून पाहावा. झोक्याच्या तळाशी वेग पूर्णपणे आडवा असतो; तक्त्यात तेथे आडवा घटक शून्य आणि उभा घटक ७ दिसत असेल, तर साइन आणि कोसाइन यांच्या जागा बदललेल्या आहेत.

लक्षण: ४५ अंशांवर सर्वाधिक अंतर मिळत नाही

ही तक्रार मुळात चूक नाही, अपेक्षा चुकीची आहे. ४५ अंशांचा नियम ठरावीक वेगाने, जमिनीवरून फेकून त्याच पातळीवर पडणाऱ्या वस्तूचा आहे. झोक्यात मात्र दोर जितका उशिरा सोडावा तितका वेग कमी होत जातो. उशिरा सोडल्याने माणूस अधिक पुढे आणि अधिक उंच पोहोचलेला असतो, आणि झेपेची दिशाही उभी होत जाते. या सर्वांचा मेळ घातल्यावर आपल्या उदाहरणात सर्वोत्तम कोन ३७.५ अंशांच्या आसपास येतो. ४५ अंशांवर उतरण्याचे ठिकाण ६.६० मीटरवर येते आणि ३० अंशांवर ६.५७ मीटरवर, म्हणजे ‘आदर्श’ समजला जाणारा ४५ अंशांचा कोन तब्बल पंधरा अंश लवकर सोडण्याइतकाच फळतो. ३५ ते ४० अंशांच्या दरम्यान मात्र अंतरात जेमतेम तीन सेंटीमीटरांचा फरक पडतो. सर्वोच्च बिंदूजवळ आलेख असा सपाट असणे ही झोका घेणाऱ्याच्या दृष्टीने फार मोलाची गोष्ट आहे, आणि म्हणूनच ‘नेमका कोन कोणता’ या प्रश्नापेक्षा ‘किती अंशांची चूक चालेल’ हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

हा सर्वोत्तम कोन दोराची लांबी, माणसाचे वस्तुमान किंवा गुरुत्व त्वरण यांवर अवलंबून नसतो. तो सुरुवातीच्या कोनावर आणि उतरण्याच्या पातळीचे दोराच्या लांबीशी जे प्रमाण असेल त्यावर ठरतो. पलीकडची पातळी झोक्याच्या तळापेक्षा आणखी ५ मीटर खाली असेल, तर उत्तम कोन सुमारे २७ अंशांवर उतरतो, कारण हवेत वेळ भरपूर मिळतो आणि आडवा वेग राखणे फायद्याचे ठरते. तीच पातळी तळापेक्षा १ मीटर वर असेल, तर तो ४२ अंशांच्या पुढे सरकतो. त्यामुळे दुसऱ्याच्या उदाहरणातला कोन आपल्या उदाहरणात वापरू नये.

याच संदर्भात आणखी एक शंका येते. पलीकडचा काठ सुरुवातीच्या उंचीइतकाच उंच असेल, तर समीकरणाला उत्तरच मिळत नाही आणि वर्गमुळाखाली ऋण संख्या येते. तेथे गणित बरोबर आहे. दोर सोडल्यावर आडवा वेग झेपेच्या शेवटपर्यंत शिल्लक राहतो, त्या वेगात अडकलेली ऊर्जा उंचीत रूपांतरित होत नाही, आणि म्हणून झेपेचा सर्वोच्च बिंदू सुरुवातीच्या पातळीपेक्षा नेहमी खालीच राहतो. दोर न सोडता पलीकडे ६० अंशांपर्यंत जाऊन, वेग शून्य झालेल्या क्षणी काठावर पाय ठेवणे एवढाच मार्ग उरतो, आणि त्यात चूक करायला जराही वाव नसतो.

लक्षण: प्रत्यक्ष झोका हिशेबापेक्षा मीटरभर पुढे जातो

हवेच्या विरोधाने झोका कधीही पुढे जात नाही, तेव्हा त्याला दोष देता येत नाही. अशा वेळी लांबी तपासावी. बहुतेक जण टांगणीच्या गाठीपासून हातांच्या पकडीपर्यंतचा दोर मोजतात. हात डोक्यावर ताणून लोंबकळणाऱ्या प्रौढ माणसाचा गुरुत्वमध्य मात्र पकडीच्या सुमारे एक मीटर खाली, कमरेजवळ असतो. पकडीपर्यंत ४ मीटर दोर असेल, तर हिशेबाची लांबी ५ मीटर आहे. ४ मीटर धरून केलेल्या गणितात तळाचा वेग ६.२६ मीटर प्रति सेकंद येतो, आणि उतरण्याची पातळीही त्याच चुकीच्या तळाशी धरली असेल, तर अंतर ६.८७ ऐवजी ५.५० मीटर दिसते. ताणाच्या आकड्यावर मात्र काहीच परिणाम होत नाही, कारण ताणाच्या सूत्रात लांबी येत नाही. ताण जुळतो आणि अंतर जुळत नाही, हे लांबीच्या चुकीचे ठळक लक्षण आहे.

तळवे गुरुत्वमध्याच्याही साधारण एक मीटर खाली असतात, म्हणजे टांगणीपासून ६ मीटरवर. चराच्या तळाशी किंवा काठाच्या कोपऱ्याशी माणूस धडकतो की नाही हे पाहताना ५ मीटरचे नव्हे, तर ६ मीटरचे वर्तुळ काढावे. दोर लवचीक असेल तर तळाशी ताण सर्वाधिक असल्यामुळे तो तेथेच सर्वाधिक ताणला जातो, आणि हे वर्तुळ आणखी खाली सरकते.

लक्षण: ताण वजनाइतकाच किंवा त्याहून कमी येतो

तळाशी ताण ५८८ न्यूटन आला असेल, तर माणूस स्थिर लोंबकळत आहे असे धरले गेले आहे. तळाशी माणूस वर्तुळात फिरत असतो, म्हणून दोराला वजन पेलून शिवाय अभिकेंद्री बलही पुरवावे लागते. ताण = वजन × (३ × त्या ठिकाणच्या कोनाचा कोसाइन − २ × सुरुवातीच्या कोनाचा कोसाइन). ६० अंशांवरून सुटलेल्या झोक्यात तळाशी तो बरोबर दुप्पट वजनाइतका, म्हणजे ११७६ न्यूटन असतो. सुरुवातीला तो केवळ २९४ न्यूटन असतो आणि ३७.५ अंशांवर सुमारे ८११ न्यूटन. ९० अंशांवरून सुटल्यास तळाशी तिप्पट वजन पेलावे लागते.

हा आकडा केवळ वहीपुरता नाही. काठावर उभे राहून दोर ओढून पाहिला आणि तो टिकला, म्हणून तळाशीही टिकेल असे समजणे धोक्याचे आहे, कारण खरी परीक्षा तेथेच होते. हातांच्या पकडीलाही तेच लागू पडते. अनेकांचे हात तळाशीच निसटतात. शिवाय येथे काढलेला ताण गुळगुळीत झोक्याचा आहे, हिसक्याचा नाही. गाठ, फांदी आणि पकड यांची ताकद या मांडणीत कोठेच तपासलेली नाही, म्हणून तिच्या भरवशावर कोणी खऱ्या चरावर झोका घेऊ नये.

लक्षण: सगळे बरोबर असूनही झोका कमी पडतो

येथे तपासावा तो पहिला टप्पा, ज्याकडे जवळजवळ कोणीच पाहत नाही. माणूस दोर हातात धरून काठावर उभा असतो तेव्हा दोर खरोखर ताठ असतो का? समजा तो सैल आहे आणि गुरुत्वमध्य टांगणीपासून ५ नव्हे, तर ४.५ मीटरवर आहे, कोन तोच ६० अंश. काठ सोडल्यावर माणूस आधी सरळ खाली पडतो. ०.८८ मीटर पडल्यावर, ४.१६ मीटर प्रति सेकंद वेग आलेला असताना, दोर एकदम ताठ होतो. त्या क्षणी दोर ओळंब्याशी सुमारे ५१ अंशांचा कोन करत असतो. वेगाचा दोराच्या दिशेतला घटक, २.६१ मीटर प्रति सेकंद, हिसक्यात नाहीसा होतो आणि केवळ स्पर्शिकेच्या दिशेचा ३.२४ मीटर प्रति सेकंद एवढा वेग पुढे जातो. जणू ३५ सेंटीमीटर उंची फुकट गेली. तळाशी ७.३४ मीटर प्रति सेकंद मिळायला हवा होता, तो ६.८६ मिळतो. दोर ताठ होण्याच्या त्या क्षणाला ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम लावता येत नाही, कारण तो हिसका दोरात, फांदीत आणि माणसाच्या खांद्यांत उष्णता व कंपन होऊन जिरतो.

धावत येऊन झोका घेण्याबद्दलचा गैरसमजही याच टप्प्यातला आहे. ताशी साधारण सात किलोमीटर, म्हणजे २ मीटर प्रति सेकंद वेगाने धावत आले, तर वेगाच्या वर्गात ४ मिळवून मोकळे होण्याची पद्धत आहे. धावणे मात्र आडवे असते, आणि ६० अंशांवर झोक्याची दिशा तीव्रपणे खाली झुकलेली असते. म्हणून स्पर्शिकेवर त्यातला अर्धाच, १ मीटर प्रति सेकंद वेग येतो, जो जेमतेम ५ सेंटीमीटर उंचीइतका आहे. उरलेला घटक टांगणीच्या दिशेने असतो आणि तो दोर सैल करतो. म्हणजे धावण्याने मिळालेला लाभ पुढच्या हिसक्यात गमावला जाण्याचीच शक्यता अधिक. माझा सल्ला असा की दोर पूर्ण ताठ करून, अंगाचा भार आधीच त्यावर टाकून, पाय अलगद उचलावेत आणि हिशेबातही तीच सुरुवात धरावी.

लक्षण: संगणकातला झोका दर फेरीला अधिक उंच जातो

समीकरण पायरीपायरीने सोडवणारा छोटा कार्यक्रम लिहिणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो. घर्षण शून्य असले, तरी झोका सुरुवातीच्या कोनापलीकडे जाता कामा नये. तो जात असेल तर पायऱ्यांची पद्धत ऊर्जा निर्माण करत आहे. ऑयलरच्या साध्या पद्धतीत जुन्या कोनावरून नवा कोनीय वेग आणि जुन्याच वेगावरून नवा कोन काढला जातो. ५ मीटरच्या झोक्यासाठी ०.१ सेकंदाची पायरी घेतली, तर लहान कोनांच्या बाबतीतही अर्ध्या आवर्तनात ऊर्जा सुमारे दीडपट होते, ०.०१ सेकंदाच्या पायरीत वाढ साडेचार टक्क्यांवर येते. पायरी लहान करणे हा अर्धा उपाय झाला. खरा उपाय एका ओळीचा आहे. आधी कोनीय वेग बदलावा आणि मग कोन काढताना हा नवा वेग वापरावा. एवढ्याने ऊर्जा मूळ किमतीभोवती किंचित हलत राहते, पण वाढत जात नाही.

ज्यांनी समीकरण न सोडवता साध्या लंबकाचे सूत्र वापरले असेल, त्यांचा दोष वेगळा आहे. गॅलिलिओला लंबकाचा आवर्तकाल झोक्याच्या विस्तारावर अवलंबून नसतो असे वाटत होते. वर्तुळावर फिरणाऱ्या लंबकासाठी ते अचूक नाही, हे सतराव्या शतकातच ख्रिश्चन हायगेन्सने दाखवून दिले. ५ मीटर लांबीला सूत्राने ४.४९ सेकंदांचा आवर्तकाल येतो, ६० अंशांच्या झोक्याचा खरा काल मात्र ४.८२ सेकंद असतो. त्याच गृहीतकाने तळाचा वेग ७ ऐवजी ७.३३ येतो. ७.०० चा रकाना ही चूकही लगेच पकडतो.

टेबलावर पडताळा

अंतराचे दोराच्या लांबीशी असलेले प्रमाण लांबीवर अवलंबून नसल्यामुळे, हे सगळे अर्ध्या मीटरच्या दोऱ्यावर तपासता येते. ६.८७ मीटर म्हणजे लांबीच्या १.३७५ पट, म्हणून ५० सेंटीमीटरच्या दोऱ्यावर लोखंडी नट ओळंब्यापासून ६८.७ सेंटीमीटरवर पडला पाहिजे. लांबी नटाच्या मध्यापर्यंत मोजावी. दोरा खिळ्याला गुंडाळू नये, कारण झोक्याबरोबर तो खिळ्याभोवती उलगडतो आणि लांबी बदलते. दोन सपाट लाकडी पट्ट्यांमध्ये तो घट्ट दाबून धरावा, म्हणजे टांगणीचा बिंदू नेमका राहतो. त्या बिंदूच्या दोन सेंटीमीटर खाली, ३७.५ अंशांच्या रेषेवर, दोरा तेथे पोहोचताच कापला जावा म्हणून नवे पाते धार दोऱ्याकडे करून पक्के बसवावे. पातळी बरोबर साधून पलीकडच्या बाजूला फळी ठेवावी, तिच्यावर पांढरा कागद आणि त्यावर कार्बन पेपर पसरावा.

नट बोटांनी सोडू नये. बोटे सुटताना त्याला हलकासा धक्का बसतो, आणि जवळून पाहिले तर दोऱ्यात वरपासून खालपर्यंत थरथर धावताना दिसते. दुसऱ्या बारीक दोऱ्याने नट मागे ६० अंशांवर बांधून ठेवावा, त्याचे डोलणे पूर्ण थांबू द्यावे आणि मग तो बारीक दोरा काडीने जाळावा. पहिल्या टप्प्याचा प्रश्न त्यामुळे उरतच नाही. दहा वेळा करून कागद उलगडला की ठशांचा एक छोटा पुंजका दिसतो. पुंजका घट्ट आहे पण जागा चुकली आहे, तर लांबी, कोन किंवा पातळी मोजताना चूक झाली आहे. पुंजका विखुरलेला असेल, तर कापलेल्या दोऱ्याचे टोक भिंगातून पाहावे. टोक स्वच्छ नसून पिंजारलेले असेल, तर पात्याने दोरा एका क्षणात कापलेला नाही. नट काही काळ पात्याभोवती लहान वर्तुळात फिरला आणि मग सुटला. पाते बदलले की विखुरणे कमी होते.

हवेचा विरोध: शेवटी, पण मोजून

हवेला मी शेवटी ठेवतो, मात्र दुर्लक्ष करत नाही. तळाच्या वेगाला, शरीराचे परिणामी क्षेत्रफळ ०.६ चौरस मीटर धरल्यास, विरोध सुमारे १८ न्यूटन येतो. वजनापुढे तो क्षुल्लक वाटतो, पण साडेआठ मीटरच्या कंसावर त्याचे कार्य साधारण ११० ज्यूल होते, आणि सुटकेच्या क्षणी हाताशी असलेली गतिज ऊर्जा केवळ ८६२ ज्यूल आहे. सुटकेचा वेग ५.३६ वरून ५.०१ वर येतो आणि उतरण्याचे ठिकाण ६.४८ मीटरवर, झेपेतला विरोध धरला तर आणखी काही सेंटीमीटर अलीकडे. म्हणजे हवेचा वाटा ४० ते ४५ सेंटीमीटर, आणि तोही नेहमी अंतर कमी करणारा. तुमची तूट दीड मीटरची असेल, तर ती हवेच्या माथी मारता येणार नाही. नटाच्या प्रतिकृतीत हा परिणाम जवळजवळ दिसतच नाही, म्हणून तेथे हवेचे कारण पुढे करूच नये.

याचा परिणाम कोठे जाणवतो ते पाहण्यासाठी पलीकडच्या काठाची कड ओळंब्यापासून ६.५ मीटरवर आहे असे धरू. हवा वगळलेल्या हिशेबात २९ ते ४६ अंशांच्या दरम्यान कोठेही दोर सोडला तरी माणूस काठावर पोहोचतो, आणि हे सतरा अंश पार करायला त्याला सुमारे ०.२८ सेकंद लागतात. माणसाच्या प्रतिक्रियेला लागणाऱ्या वेळेहून ही मुदत फारशी मोठी नाही, म्हणून दोर सोडण्याचा निर्णय कोन पाहून घेता येत नाही, आधीच ठरवून सोडावा लागतो. हवा धरली की ही खिडकी पूर्ण बंद होते आणि उत्तम कोनावर सोडूनही माणूस कडेच्या अलीकडेच पडतो. अशा मांडणीत सुटकेचा कोन हलवून काही साधत नाही. सुरुवात बदलावी लागते. सुरुवातीचा कोन ६० ऐवजी ६५ अंश केला, म्हणजे अलीकडची उभे राहण्याची जागा ३९ सेंटीमीटर उंच आणि २० सेंटीमीटर मागे नेली, तर हवेशिवायचे अंतर ७.६७ मीटर होते, आणि कंसावरचा हवेचा विरोध वजा केल्यावरही सुमारे ७.२ मीटर उरते. तळाचा ताण त्याबरोबर वजनाच्या २.१५ पटींवर जातो, तेवढा दोराच्या हिशेबात वाढवून घ्यावा.